पातळ भाजीचं खापर

कारखान्याच्या खानावळीत मोठ्या बाईंचा एक कायदा होता: स्वयंपाक्याने पहिलं ताट स्वतः खायचं, मगच जेवणाची घंटा. स्वतःच्या घशाखाली उतरत नाही ते लोकांच्या गळ्यात कशाला मारायचं?

स्वयंपाकी म्हणजे बाईंचाच मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याला घशाचा कॅन्सर झाला, किरणांचे उपचार झाले, बरा होऊन गडी पुन्हा शेगडीपाशी उभा राहिला. सगळं रुळावर होतं. पण गेले तीन महिने भाजी अशी पातळ होऊ लागली, की तिच्यात मासे सोडावेत.

"बाई, भाजी वाढलीत की हात धुवायला पाणी दिलंत?" वेल्डर ओरडला आणि अख्खी रांग हसली.

बाईंनी भाजी चिरणाऱ्या सुनेला धारेवर धरलं. "काय गं, नळ काय माहेरहून आंदण आणलायस?"

"मी नुसती चिरते, आई. पाणी तुमचे चिरंजीव ओततात."

"माझा मुलगा? उगाच त्याच्यावर ढकलू नकोस!"

तरी दुसऱ्या दिवशी बाई कोठीच्या दाराआड उभ्या राहिल्या. भाजी छान आळली होती. मुलाने ताट घेतलं, घास तोंडात घातला आणि छातीवर मूठ दाबून तसाच थांबला. डोळ्यांत पाणी आलं. घास मोरीत गेला. मग त्याने पातेल्यात तीन तांबे पाणी ओतलं, ढवळलं आणि त्यातली वाटीभर घोट घोट पिऊन टाकली.

बाई दाराआडून पुढे आल्या. जीभ कुठली थांबते?

"अरे मेल्या, एका घशापायी तीनशे जणांना बुडवलंस?"

तो दचकला. "घास अडकतो गं. आणि पहिलं ताट मी खाल्ल्याशिवाय घंटा नाही, हा तुझाच कायदा."

"मग डॉक्टर काय मेले होते?"

"ते म्हणाले असते, कॅन्सर परत उलटलाय."

"उलटला असला तर तू लपलास म्हणून लाजून परत जाणार आहे का? चपला घाल."

डॉक्टरांनी समजावलं, किरणांमुळे अन्ननलिका आवळली असावी, अशा रुग्णांना हा त्रास होतो. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करायची, आणि तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवायचा.

"लहानपणी फुग्यासाठी रस्त्यात लोळायचास," बाई म्हणाल्या. "घे आता."

फुगा घालून झाला, आणि आठ दिवसांनी तुकड्याचा अहवाल आला. कॅन्सर नव्हता. बाई सुनेशेजारी बाकावर बसल्या. तिचा हात धरला, तो सोडायचं विसरल्या.

"मी सांगितलं होतं, आई."

"एकदाच सांगितलंस. मला दोनदा सांगावं लागतं, एवढं कळलं नाही अजून?"

समोर दवाखान्याच्या कँटीनमध्ये मुलगा मऊ भाताचे छोटे छोटे घास खात होता. पुन्हा आवळलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अळणी आहे भात," तो तोंड वाकडं करून म्हणाला.

"उतरला का?"

"उतरला."

"मग ठेव हवी तेवढी नावं. आणखी घेतोस?"

त्याने बशी पुढे केली.