सोमवारचा फळा

हिंदुराव गेले तेव्हा बदलापुरात मांजर्लीच्या नाक्यावर मित्रमंडळाच्या पोरांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि रंगीत खडूने 'दुःखद निधन' लिहिलं. पोरांचं चुकलं म्हणवत नाही, फळा त्यांचाच. पण पुसला गेला तो हिंदुरावांचाच शेवटचा मजकूर होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सत्त्याऐंशी सालापासून दीड वर्ष दर सोमवारी ते त्या फळ्यावर स्वतःच्या कॅन्सरबद्दल लिहीत. एरवी तिथे पाणी किती वाजता येणार आणि सत्यनारायण कुणाकडे, एवढंच असायचं. सुरुवातीला लोक कुरकुरले. सकाळी दुधाला जाताना असलं काय वाचायचं? पुढेपुढे सोमवारी तिथे थांबल्याशिवाय कुणी पुढे जाईना. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. मी शाळामास्तरीण, मला ते बघवायचं नाही. तरी दर सोमवारी घरी येऊन सगळं वहीत उतरवून ठेवायची.

कारण मलाही तोच आजार होता. परळच्या हॉस्पिटलात विजेचे शेक घ्यायला आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि बदलापुरात एकमेकांना ओळख दाखवायचो नाही. हा माझा हुकूम. माझ्या बकुळाचं लग्न खरवईच्या एका घरात ठरलं होतं, शालूसुद्धा उल्हासनगरातून आणून झाला होता. आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर ती माणसं मोडता घालणार, यात मला शंका नव्हती. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. बकुळाला सांगितलं होतं, हात सुजलाय तो शीर आखडल्यामुळे.

हिंदुरावांनी एकदा फळ्यावर 'बाकावरच्या बाई' असा माझा उल्लेख केला. पुढच्या खेपेला मी त्यांना असं झापलं की नर्स बघायला आली.

"नाव कुठं घातलंय?" ते म्हणाले. घातलं नव्हतं, हे खरं.

तेराव्याला त्यांची बायको बनूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "बाई, जो येतो त्यो म्हंतो, काय लिवायचं तुमचं मालक! मला कुठं वाचाय येतंय? काय लिवत हुतं ते?"

मी म्हटलं, बघते. आणि चार दिवस काहीच बघितलं नाही. बनूबाईंच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्यांना कळलेलं संध्याकाळी नदीपर्यंत पोचतं. ही वही कशासाठी लिहिलीत, असं कुणी विचारलं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. पण तो मजकूर आता माझ्या वहीखेरीज कुठेच नव्हता. मला त्या माणसाची आठवण येत होती, फार येत होती, आणि त्याच्या बायकोपासून त्याचं लिहिणं लपवायचं म्हणजे शुद्ध चोरी. पाचव्या दिवशी वही पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले.

मी वाचायला लागले. 'जेवणात मीठ आहे की नाही, ते आता कळत नाही. बायको विचारते, बरं झालंय का? मी म्हणतो, फक्कड.'

बनूबाईंनी हात वर केला. "कळत नव्हतं?"

"नाही."

"कवापास्नं?"

मी वर लिहिलेली तारीख पाहिली. "दिवाळीपासून."

"आन् हे समद्यांनी वाचलं?"

मी मान हलवली.

"पानवाल्याला ठावं, दूधवाल्याला ठावं. आन् मी हितं रोज चाखून चाखून मीठ घालत हुते."

त्या रडल्या नाहीत. रागावल्या होत्या. तो राग मला रडण्यापेक्षा जड गेला, कारण ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आता नव्हता आणि समोर मी होते. मग म्हणाल्या, "वाचा पुढं."

पुढचं पान मी टाळणार होते, पण तेच वाचलं गेलं. 'आज बाकावरच्या बाई मला रागावल्या. बरं वाटलं. आजारी माणसाला कुणी रागवत नाही.' इथे मी थांबून खाकरल्यासारखं केलं.

"ती बाई हाये का अजून?" बनूबाईंनी विचारलं.

"आहे."

"तिच्या घरच्यास्नी तरी ठावं हाये का?"

"नवऱ्याला आहे," मी म्हटलं. "मुलीला नाही."

बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. बनूबाईंनी आधी माझ्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग माझ्या मांडीवरची वही उचलून त्यांनी मिटली.

"मंग हितं काय वाचत बसलीयास?" त्या म्हणाल्या. "घरला जा."