जोडीची भरती

सैन्यात मैत्री सरकारी असते. चेष्टा नाही करत. सैन्यात तर आमच्याकडे प्रत्येक पोराला जावंच लागतं, पण दोन मित्रांनी मिळून नाव नोंदवलं, तर सरकार त्यांना एकाच कंपनीत, एकाच खोलीत, शेजारी शेजारी झोपवतं. त्या बदल्यात पाठवतं मात्र उत्तरेच्या डोंगरात, जिथं बर्फ इतका पडतो की बंदुकीपेक्षा फावडंच जास्त हातात असतं.

ग्युसोक आणि मी असे जोडीनं आलो. कल्पना आमच्या आयांची. आमच्या मोकपो गावच्या बंदरावर दोघींची सुक्या मासळीची दुकानं एकमेकींना लागून, त्यामुळे आम्ही दोघंही जन्मापासून एकमेकांना लागूनच. एक शाळा, एक बाक, एक शिकवणी. निघताना त्याची आई म्हणाली, "दोहान बरोबर आहे ना, मग मला कसलाच घोर नाही." दोहान म्हणजे मी.

पहिले महिने झकास गेले. म्हणजे हाल कुत्रा खात नव्हता, पण जोडीनं. सैन्यात न्याय फार सरळ असतो. एकानं मोजे धड घडी केले नाहीत की सगळी खोली मैदानाला चकरा मारते, आणि आमच्या बाबतीत तर एकाचं चुकलं की दुसऱ्याचं नाव आपोआप घेतलं जायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग ग्युसोक जेवायला वायरलेसवाल्यांच्या टेबलावर बसायला लागला. म्हटलं, असेल, तिथं भाताचं भांडं जवळ पडतं. संध्याकाळी त्यांच्याबरोबर व्यायामाला जायला लागला. म्हटलं, बरंच आहे की, नुसती हाडं दिसतात त्याची. मी खोलीत त्याच्या शाळेतल्या गमती सांगायला लागलो, सहलीच्या बोटीत कसा भोकाड पसरून रडला वगैरे, की हा उठून बाहेर बूट पॉलिश करत बसायचा. त्याच्याइतके चकचकीत बूट अख्ख्या कंपनीत कुणाचे नव्हते.

एकदा असाच ढिगानं बर्फ पडला. आम्ही मैदान साफ करत होतो आणि मुदत संपून घरी सुटायला आलेला सार्जंट चू खिशात हात घालून आम्हाला बर्फ म्हणजे काय ते समजावत होता. मला अवदसा आठवली. मी बर्फाचा माणूस केला. डोकं, हात असंच काहीतरी, पण पोट मात्र जीव ओतून केलं. आमच्या बटालियनच्या मोठ्या साहेबांचं पोट साहेबांच्या आधी खोलीत शिरतं. ते मी हुबेहूब उतरवलं. चूनं आपला पट्टा काढून त्यावर आवळला आणि सगळे हसून हसून बर्फात लोळले.

हसण्याच्या आवाजानं साहेब स्वतःच बघायला आले. समोरासमोर उभे राहिले दोघं, पोटाला पोट लावून.

"हे कुणी केलं?"

सगळे खाली बघून फावडी चालवायला लागले. मी तर चूच्या मागे सरकलो. आणि तेवढ्यात ग्युसोक पुढे आला. "मी केलं, साहेब."

काय सांगू, मला भरून आलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात दोस्त!

वरिष्ठांचा अपमान, असा गुन्हा लागला. चूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "खाली दरीतल्या डेपोत बदली करतील त्याची."

"पण आम्ही जोडीनं आलोय ना?"

"शिक्षेपुढे जोडीबिडी काही नसतं, बाळा."

ग्युसोकशिवाय मी इथं काय करणार? शेजारच्या गादीवर कोण झोपणार? आणि हे सगळं माझ्या पायी!

चौकशीला तीन अधिकारी बसले. पुरावा तोवर वितळला होता, टेबलावर नुसता चूचा पट्टा. बर्फाच्या माणसाच्या खांद्यावर हुद्द्याची खूण नव्हती, मग तो वरिष्ठ कसा, यावर बराच खल झाला. एक लेफ्टनंट म्हणाला, "खूण कशाला हवी? पोटावरूनच ओळखू येत होतं." त्यावर कॅप्टन खोकले आणि म्हणाले की हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही.

मला राहवेना. मी दार ढकलून आत घुसलो. "साहेब, ते पोट माझं आहे!"

"खोटं बोलतोय, साहेब!" ग्युसोक ओरडला. "याला साधा भाताचा गोळा वळता येत नाही!"

"मी केलंय!"

"मी! मला शिक्षा द्या, साहेब, हात जोडतो!"

कॅप्टन चष्मा पुसायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण असं काही पाहिलं नाही, म्हणाले. अशा मित्रांना तोडायचं पाप मी करणार नाही, म्हणाले. मग निकाल दिला: दोघांनी संडास धुवायचे, बदली रद्द, आणि सुटेपर्यंत या दोघांना कुठल्याही कारणानं वेगळं करायचं नाही.

बाहेर येताच मी त्याला मिठी मारली. त्यानं माझे हात सोडवले.

"तुला कुणी बोलावलं होतं रे आत?"

"म्हणजे? अरे, माझ्यासाठी तू…"

"तुझ्यासाठी नाही, गाढवा. मला जायचं होतं."

"कुठं?"

"डेपोत. कुठंही. जिथं तू नाहीस."

मला वाटलं थट्टा करतोय. तोंड बघितलं तर थट्टा नव्हती.

"मी काय केलं तुझं?"

"काही नाही. तू कधीच काही करत नाहीस, तू फक्त असतोस. इथल्या पोरांना माझ्याबद्दल जे काही माहीत आहे ते तू सांगितलेलं. माझं मला काही सांगायला जागाच ठेवली नाहीस. चूला मागेच विचारलं होतं, जोडी मोडायची कशी, तर म्हणाला, शिक्षा झाली तरच. तू ते पोट केलंस ना, तेव्हा वाटलं, हा पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला."

फार लागलं मला. आजही लागतं, खोटं कशाला बोलू? त्यानंतर आम्ही शेजारी शेजारी उभे राहून संडास धुतले. तो आपली बाजू घासत होता आणि मला बोलायला एकही गंमत आठवेना.

आमची कीर्ती मोठ्या साहेबांपर्यंत पोचली. राग विसरून ते म्हणाले, जोडीच्या भरतीच्या जाहिरातीवर हीच दोन पोरं पाहिजेत. मग फोटोग्राफर आला. आम्हाला मैदानात उभं केलं, ग्युसोकचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"हसा जरा! मित्र ना तुम्ही? असे काय मयताला आल्यासारखे उभे?"

खांद्यावरचा हात लाकडासारखा होता. मी समोर बघत हळूच म्हटलं, "ग्युसोक, मी काहीतरी करतो. आणखी मोठं. असं की मला एकट्यालाच शिक्षा होईल आणि मलाच दुसरीकडे पाठवतील."

त्यानं झटकन माझ्याकडे वळून पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं. डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"खरंच करशील?"

"शाब्बास!" फोटोग्राफर ओरडला आणि बटण दाबलं. "हाच चेहरा पाहिजे होता!"