दोन बोटांचा पाळणा

"मिस्त्री, तुझा पाळणा मला खाली सोडत नाहीये," बाई फोनवर म्हणाल्या आणि हसल्या.

मिस्त्रीच्या हातात ग्रीसचा डबा होता. तो त्याने बाकावर ठेवला. "म्हणजे? तुम्ही वर आहात?"

"वरच. बसते, ब्रेक सोडते, तर हा हलायचं नाव घेत नाही. उलट वरच ओढतो. मला इथेच ठेवून घ्यायचं ठरवलंय जणू."

"बाई, पुन्हा त्यावर बसू नका. दोराला हातसुद्धा लावू नका. मी निघतोय."

"अरे, आग नाही लागलीय घराला. शब्दकोडं घेऊन बसलेय."

"तरी पण नाही बसायचं."

"बरं, बरं. शाळेत मी असं बोलायचे, आता तू बोल."

फोन बंद झाला तरी मिस्त्री तो कानाशी धरून उभा होता. पाळणा खाली येत नाही, याचं कारण एकच असू शकतं. भिंतीआडची वजनं बसणाऱ्या माणसापेक्षा जास्त झाली आहेत. आणि ती वजनं मागच्या महिन्यात त्यानेच काढून पुन्हा घातली होती.

बाईंचं घर दोन जुन्या इमारतींमधल्या बोळात बांधलेलं होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत इतकंच रुंद. खाली एक खोली, वर एक खोली. जिना घातला असता तर अर्धं घर जिन्यानेच खाल्लं असतं. बाईंचा गुडघा शाळेच्या मैदानावर मुलांना खेळ शिकवतानाच कामातून गेलेला, त्यामुळे उभी शिडीही नको. तेव्हा मिस्त्रीने त्यांना पाळणा करून दिला. मोटार नाही, वीज नाही. पाठ टेकायला फळी आणि अंगठ्याने दाबून धरायचा ब्रेक असलेली एक बैठक, छताला कप्पी, कप्पीवरून गेलेला दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीतल्या पोकळीत, एका सळईत ओवलेल्या लोखंडी चकत्या. बैठक आणि तिच्यावरचा माणूस मिळून जेवढं वजन, तेवढ्याच चकत्या. मग दोर दोन बोटांनी ओढला तरी पुरतो. वर ओढा, वर जातो. सोडा, तिथेच थांबतो.

एका मासिकाने छोट्या घरांवर अंक काढला तेव्हा बाईंचा पाळण्यावर बसलेला फोटो आला होता. अधांतरी, मांडीवर पुस्तक. तेव्हापासून मिस्त्रीच्या कारखान्यात कामं येऊ लागली. पण पाळण्याची एक अट होती, ती फोटोत दिसत नव्हती. चष्म्यासारखा तो एकाच माणसाचा असायचा. दुसऱ्याचा चष्मा लावला तर फार तर डोकं दुखतं. दुसऱ्याचा पाळणा माणसाला वर फेकू शकतो, आणि वर कप्पीची लोखंडी तुळई असते.

मागच्या महिन्यात बाईंच्या आणि बेकरीवाल्याच्या पाळण्याची देखभाल एकाच दिवशी निघाली. दोघांच्या चकत्यांना गंज धरला होता. मिस्त्रीने दोन्ही ढीग कारखान्यात आणले, घासले, आणि एकाच डब्यातला करडा रंग दोन्हींना मारला. नेहमी तो चकत्या काढण्याआधी ढिगाच्या अंगावरून खडूची तिरकी रेघ ओढायचा. परत लावताना रेघ जुळली की ढीग बरोबर. त्या दिवशी रेघ त्याने ओढली होती, पण घासताना आणि रंगवताना ती गेली. रंग वाळेपर्यंत चकत्या एकाच कठड्यावर उभ्या होत्या. त्याने त्या नजरेने ओळखून वेगळ्या केल्या. नजरेने. आता हा शब्द त्याला स्वतःलाच खोटा वाटला.

त्याने बेकरीवाल्याला फोन लावला. "पाळणा कसा चाललाय?"

"फर्स्ट क्लास. जरा जड लागतो हल्ली."

"जड म्हणजे? वर जायला?"

"हो. बायको म्हणते, पाळणा नाही, तुम्हीच जड झालाय. दिवसभर पावाच्या वासात राहून माणूस फुगणार नाही तर काय! का हो?"

"काही नाही. सहज." मिस्त्रीने फोन ठेवला. बेकरीवाल्याला जड, बाईंना हलका. इकडच्या चकत्या तिकडे गेल्या असतील तर असंच होणार.

मेहुणा हिशेबाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होता. बाहेरचं बोलणंचालणं तो पाहायचा, आतलं काम मिस्त्री.

"दाजी, चूक झालीय असं तिथे म्हणू नका हं."

"झाली असेल तर?"

"असेल तर गुपचूप दुरुस्त करा. परवा ती बांधकामवाली मंडळी बाईंचं घर बघायला येणार आहेत. अख्खी रांग बांधतायत अशा घरांची, प्रत्येकात आपला पाळणा. त्यांच्या कानावर गेलं की पाळणा माणसाला वर अडकवून ठेवतो, तर झालंच. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"तू येतोस का बरोबर?"

"मी? बाईंच्या समोर?" मेहुणा दचकला. तो बाईंच्या शाळेतला. "अजून मला बघितलं की त्या म्हणतात, पोट आत."

मिस्त्रीने हत्यारांची पिशवी भरली. पाना, चिंध्या, तेलाची बाटली आणि ताणकाटा. हुकाला वस्तू अडकवली की वजन दाखवणारा साधा काटा. स्कूटर चालवताना रस्त्यापेक्षा त्याला बाईंचं छतच जास्त दिसत होतं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना शिट्टी वाजवून थांबवणारी बाई स्वतः थांबायला सांगितल्यावर थांबेल कशी? एकदा बसून बघू म्हणतील. दोर जोराने ओढत अर्ध्यावर येतील, हात दमतील, ब्रेकवरचा अंगठा सुटेल. पुढचं त्याला दिसू नये म्हणून त्याने समोरच्या टेम्पोच्या मागची अक्षरं वाचायला सुरुवात केली. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

किल्ली शेजारणीकडे असायची. ती देताना म्हणाली, "हल्ली त्या खाली फारशा उतरतच नाहीत. बऱ्या आहेत ना?"

"पाळण्याचं जरा काम आहे," मिस्त्री म्हणाला.

दार उघडल्याबरोबर वरून आवाज आला. "पायपुसण्यावर पाय पूस. किती घाई ती!"

त्याने मान वर केली. छताच्या चौकोनी तोंडातून बाईंचा चेहरा डोकावत होता. शाबूत होत्या. त्याने पिशवी खाली ठेवली. बाहेर उकाडा होता, पण बाईंच्या अंगात एकावर एक दोन स्वेटर होते.

"बसला नाहीत ना?"

"एकदाच."

"बाई!"

"अरे, तू येईपर्यंत करायचं काय? नाही हलला. मग उठले."

खोलीच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेली एक बादली होती. मिस्त्री तिला वळसा घालून भिंतीकडे गेला. "ही इथे कशाला?"

"ती मांडीवर घेते मी. बादली घेतली की उतरतो तो. राणीसारखी उतरते अगदी. आज सकाळी वर येताना खालीच विसरले."

"म्हणजे हे आजचं नाही?"

"यंत्राची खोड समजायला वेळ द्यावा लागतो."

"आधी अर्धीच बादली असेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

"आधी अर्धी पुरायची," बाई वरून म्हणाल्या.

देखभालीच्या आठवड्यातच बेकरीवाल्याचं लोखंड इथे आलं असतं तर पहिल्या दिवसापासून पूर्ण बादली लागली असती. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते बाजूला सारलं. आधी मोजू. पाळणा वर होता, म्हणजे वजनं खाली, त्याच्या समोरच, टेकणीवर बसलेली. त्याने दोर खुंटीला बांधला, भिंतीतलं झडपेचं दार उघडलं, चकत्या अडवणारी सळईची चावी काढली आणि एकेक चकती काट्याला अडकवू लागला. न्हाव्याला डोकी आठवतात तशी त्याला माणसांची वजनं आठवत. बाईंचं तर चांगलंच. पाळणा पहिल्यांदा बसवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, लिहून ठेवू नकोस, बाईमाणसाचं वजन आहे.

शेवटची चकती काट्यावरून उतरली. बेरीज बरोबर आली.

त्याने काटा झटकला, शून्यावर आहे का ते पाहिलं आणि पहिल्यापासून सगळ्या पुन्हा तोलल्या. बेरीज तीच आली. एकही चकती जास्त नव्हती, एकही परकी नव्हती. त्याच्या नजरेने चूक केली नव्हती. त्याने काटा पिशवीत टाकला. परवाची मंडळी खुशाल येऊ देत. मेहुणाही आता खुशाल झोपेल.

"किती जास्त निघालं रे?" बाईंनी वरून विचारलं.

आवाजात घाई होती. एखाद्या मुलीने निकालाच्या फळ्यापाशी उभं राहून, पुढच्याला विचारावं तशी. मिस्त्रीने वर पाहिलं. चौकोनाच्या कडेला टेकलेले त्यांचे हात स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर आलेले दिसत होते, आणि बाह्या मनगटाभोवती मोकळ्या होत्या.

लोखंड तेवढंच होतं. आणि पाळण्यात दोनच बाजू असतात.

तो उठला. पाना या हातातून त्या हातात केला. "बाई, चूक माझी," तो म्हणाला. "रंग देताना बेकरीवाल्याच्या चकत्या तुमच्यात मिसळल्या. एकदम माझी चूक."

मग बाई म्हणाल्या, "इकडे बघ. माझ्याकडे."

त्याने पाहिलं.

"तू काटा दोनदा लावलास. मी आवाज ऐकत होते. चूक सापडली की माणूस दुसऱ्यांदा मोजत नाही. नाही सापडली की मोजतो." त्या थांबल्या. "मैदानावर मुलं सांगायची, बाई, पाय मुरगळला. खरा कुणाचा, ते मला कळायचं. बोल आता."

"वजनं बरोबर आहेत," मिस्त्री म्हणाला.

"हं."

"बाई, डॉक्टरांना एकदा..."

"जाते की. दर आठवड्याला काट्यावर उभी करतात. तिथली नर्स आकडा मोठ्याने वाचते, भाजीवाल्याने वाचावा तसा. मी म्हटलं तिला, तुझा काटा बिघडलाय. तर ती म्हणते, आजी, सगळेच असं म्हणतात." बाई हसल्या, पण हसणं मध्येच विझलं. "म्हटलं, तुझा पाळणा तरी बिघडलेला निघू दे."

मिस्त्री पाना पुसू लागला. खिशातला फोन वाजला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. मेहुणा होता. त्याला हळू बोलायची सवय नव्हती आणि खोली लहान होती.

"दाजी, काय निघालं? आपली चूक?"

"नाही."

"सुटलो!" मेहुणा ओरडला. "सुटलो बाबा!"

मिस्त्रीने फोन बंद केला. तो शब्द खोलीतून बाहेर जायला वाट शोधत राहिला. मिस्त्रीची मान वर होईना.

"तो ना?" बाईंनी विचारलं. "सांग त्याला, मैदानाला पाच फेऱ्या. आणि चल, मला खाली घे. दिवसभर वर ठेवणार आहेस का?"

बाई पाळण्यावर बसल्या. त्याने ब्रेक नीट दाबून धरायला सांगितलं, खुंटीचा दोर सोडून मनगटाला गुंडाळला, आणि सळईवर पुन्हा चढवलेल्या ढिगातून एक चकती काढली.

"आता हळूच सैल सोडा."

पाळणा वरच राहिला. "नाही," बाई म्हणाल्या.

त्याने आणखी एक काढली. "आता?"

"नाही."

आणखी एक. चकती जमिनीवर ठेवताना टण्ण असा आवाज झाला, म्हणून पुढची त्याने चिंधीवर ठेवली. मोजायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण हात मोजत होते. वरून प्रत्येक वेळी तोच शब्द येत होता, आणि प्रत्येक वेळी आवाज जरा बारीक होत होता. मग तो शब्द आलाच नाही. कप्पी किंचित कुरकुरली.

"थांबा. तिथेच थांबा," तो म्हणाला.

"थांबलेच आहे," बाई म्हणाल्या. अधांतरी होत्या. त्यांनी दोर ओढला आणि त्या अलगद खाली आल्या. पाय टेकल्यावर थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मिस्त्रीने सळईला चावी घातली, दोर तपासला, कप्पीला तेल सोडलं. मग पिशवीचं तोंड उघडून तो चिंधीवरच्या चकत्या आत भरू लागला.

"त्या कुठे नेतोस?"

"कारखान्यात. इथे अडचण."

"डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं तर भरून येतं सगळं." ते लागू पडणारच आहे असा चेहरा बाईंनी केला. तो फार वेळ टिकला नाही. "तेव्हा पुन्हा तुझ्यामागे कोण धावेल? राहू देत इथेच."

मिस्त्रीने चकत्या पिशवीतून बाहेर काढल्या. एकेक पुसली, गंज धरू नये म्हणून तेलाचा हात फिरवला, आणि भिंतीतल्या पोकळीत, सळईच्या शेजारी, हाताशी येतील अशा उभ्या लावल्या. शेवटची उचलणार तोच बाईंनी हात पुढे केला.

"बघू."

"जड आहे, बाई."

"दे रे."

त्याने ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आपला हात खाली तसाच धरला. बाईंनी चकती दोन्ही हातांनी थोडी उचलली, पुन्हा टेकवली. करडा रंग बोटाने चाचपला.

"परवा लोक येणारेत ना?" त्यांनी विचारलं. "मी स्वतः बसून दाखवीन. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

त्यांनी चकती त्याच्या हातात परत दिली. "नीट ठेव," त्या म्हणाल्या. "माझ्या आहेत त्या."