बाई कोणत्या रांगेत?

नागरिकशास्त्र म्हणजे डुलक्यांचा तास, असा आठवीचा जुना समज. तो मोडून काढायचा म्हणून बाईंनी वर्गातल्या तीन रांगांना कामाला लावलं. डावीने नियम करायचे, मधलीने ते पाळायला लावायचे, उजवीने निवाडा द्यायचा. एकीने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही. पण एकीचं चुकलं तर दुसरीने गप्पही बसायचं नाही. डबा कोणी लपवला, फळा कोणी पुसायचा, असे खटले रंगू लागले. आरोप करणाऱ्याने निकाल द्यायचा नाही आणि ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हे पोरांच्या अगदी अंगवळणी पडलं.

"पण बाई, तुम्ही कोणत्या रांगेत?" उजव्या रांगेतल्या आजीबाईने एकदा विचारलं होतं. पोक्त बोलण्यामुळे वर्गाने तिचं हे नाव ठेवलं होतं.

"मी रांगांच्या बाहेर," बाई हसून म्हणाल्या होत्या.

आज तास रंगात आला असताना मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, आत आल्या. राग नाकावरच होता. प्रयोगशाळेतला नवा सूक्ष्मदर्शक फुटला होता आणि उद्या संस्थेचे लोक शाळा बघायला येणार होते. त्यांना दाखवायला मोठ्या बाईंना गुन्हेगार हवा होता.

"खारूताई, दप्तर भर. तुझं नाव काढलंय शाळेतून."

सतत काहीतरी कुरतडते म्हणून सगळी शाळा जिला खारूताई म्हणे, तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"बाईंनी पाहिलंय तुला," मोठ्या बाई म्हणाल्या. "सांगा हो यांना."

काल मधल्या सुट्टीत बाईंनी खारूताईला प्रयोगशाळेतून बाहेर येताना पाहिलं होतं. तेवढंच. "तीच होती ना?" असं मोठ्या बाईंनी विचारल्यावर त्या घाईत "हो" म्हणाल्या होत्या. त्या एका 'हो'चा असा अर्थ लावला जाईल, हे ध्यानीमनी नव्हतं. आणि बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. कायम करणं न करणं मोठ्या बाईंच्या हातात. घरात तेवढाच एक पगार, त्यामुळे त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली.

आजीबाई उभी राहिली. "मोठ्या बाई, हा खटला आमच्या रांगेकडे यायला हवा."

"हे शिकवता का तुम्ही?" मोठ्या बाई बाईंवर कडाडल्या. "बोला, तिनेच फोडला ना?"

खिडकीजवळ एक स्टूल होतं. साक्ष द्यायला पोरं तिथे उभी राहत. बाई टेबलामागून निघाल्या आणि स्टुलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"विचार," त्या आजीबाईला म्हणाल्या.

"बाई, तुम्ही काय पाहिलंत?"

"दारातून बाहेर येणारी खारूताई. फोडताना मी कुणालाही पाहिलं नाही. काल हे मी नीट सांगायला हवं होतं."

मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "तास संपला की माझ्या खोलीत या. तुमचा निकाल तिथे लावते."

"आरोप तुमचा आणि निकालही तुमचाच?" आजीबाईच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली, पण खाली बसली नाही. उजवी रांग तिच्या मागे उभी राहिली. मग बाकीच्या दोन्ही रांगाही.

मोठ्या बाईंनी वर्गभर नजर फिरवली. कुणी बसेना.

"खारूताई," बाई स्टुलाजवळूनच म्हणाल्या, "तुझं राहिलंय. बोल."

खारूताईने बाहीने डोळे पुसले.

"मी विसरलेली कंपासपेटी आणायला गेले होते. सूक्ष्मदर्शक आधीच खाली पडून फुटलेला होता."

"मग हे आधी कुणाला सांगितलं का नाहीस?" आजीबाईने विचारलं.

खारूताईने मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"सांगायला गेले होते सकाळी. मोठ्या बाई म्हणाल्या, तोंड बंद ठेव."