सातपुडा चेंबर्सचा चेंजओव्हर

छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा मोठी वीजघरं तिकडे राहिली आणि आपल्या वाट्याला पंखे थांबलेली दुपार आली, असं त्या वर्षी जबलपूरमध्ये जो तो म्हणायचा. लाईट केव्हाही जायची. सकाळी गेली की संध्याकाळी जाणार नाही, याचा भरवसा नव्हता.

नेपियर टाऊनमधल्या सातपुडा चेंबर्समध्ये खाली श्यामसुंदर यांचं साड्यांचं दुकान होतं, मधल्या मजल्यावर डॉक्टर रामकृष्ण यांचा दातांचा दवाखाना आणि सगळ्यात वर नंदा पळसोकरांचा कॉम्प्युटर क्लास. इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी नंदाच होत्या. तिघांना मिळून मागच्या अंगणात एक जनरेटर होता, आणि तो सांभाळायला बाबाराव इखार.

बाबाराव मूळचे मोर्शीकडचे. लाईट गेली की ते आधी वीज मंडळाकडून येणाऱ्या लाईनचा स्विच खाली ओढायचे, मग जनरेटर सुरू करायचे आणि तो एका लयीत आला की त्याचा स्विच वर करायचे. लाईट आली की सगळं उलट. हे दोन स्विच दोन वेगवेगळ्या लोखंडी डब्यांत होते. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले तर जनरेटरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारांमध्ये शिरणार, हे बाबारावांना ठाऊक होतं. तसं होऊ नये म्हणून तिथे दुसरी काहीच सोय नव्हती. बाबारावांचं लक्ष, एवढीच सोय.

मे महिन्यात एके दुपारी ते कॅन घेऊन डिझेल आणायला गेले होते. तेवढ्यात लाईट गेली. डॉक्टर रामकृष्णांच्या खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, दात अर्धा कोरलेला. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग स्वतःच खाली धावले. बाबारावांना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. त्यांनी जनरेटर सुरू केला, त्याचा स्विच वर केला. लाईनचा स्विच खाली ओढायचं राहून गेलं.

कोपऱ्यावरच्या खांबावर मंडळाचा लाईनमन तुटलेली तार जोडत होता. लाईन बंद आहे हे बघूनच तो चढला होता. धक्का बसला तसा तो पट्ट्याला लोंबकळला. इकडे जनरेटरने काळा धूर ओकला आणि तो बंद पडला, म्हणून माणूस वाचला. हात मात्र पोळले. खाली उतरवल्यावर त्याच्या हातांना पहिली पट्टी डॉक्टर रामकृष्णांनीच बांधली. मंडळाचे इंजिनिअर आले तेव्हा कोणी विचारायच्या आधी डॉक्टरच म्हणाले, "मी केलं हे. बाबाराव इथे नव्हते."

इंजिनिअरांनी जनरेटरची जोडणी तिथल्या तिथे काढायला लावली. दोन स्विचऐवजी लाईन-जनरेटरची अदलाबदल करणारा नीट चेंजओव्हर बसवा, तो आम्हाला दाखवा, मगच जनरेटर, असं सांगून ते गेले.

ऐन उन्हाळ्यात इमारत जनरेटरशिवाय. नंदांनी आपल्या आतेभावाला, शैलेंद्रला बोलावलं. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता, असे पॅनेल बसवायची कंत्राटं घ्यायचा. दोन दिवस तो मजल्यामजल्यावर जाऊन कुठे किती भार आहे ते मोजत फिरला. मग क्लासच्या खोलीत बैठक झाली. कॉम्प्युटर झाकलेले, खिडक्या सताड उघड्या.

"दोन रस्ते आहेत," शैलेंद्र म्हणाला. "पहिला, हाताने फिरवायचा चेंजओव्हर. मूठ एकच, जागा तीन. एकीकडे लाईन, दुसरीकडे जनरेटर, मध्ये बंद. मूठ एका बाजूला गेली की दुसरी बाजू सुटलेलीच असते. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही."

"और दूसरा?" श्यामसुंदरांनी विचारलं. ते घरी मराठी बोलत आणि गल्ल्यावर हिंदी, आणि बैठकीत दोन्ही.

"दुसरा ऑटोमॅटिक पॅनेल. लाईट गेली हे त्याला आपोआप कळतं. जनरेटर तोच सुरू करतो, भार तोच त्याच्यावर टाकतो, लाईट आली की परत आणतो. लाईन आणि जनरेटर एकदम जोडले जाणार नाहीत, असं कुलूप त्याच्या आतच असतं. कोणताही घ्या, चार पोलचा घ्या, म्हणजे विजेच्या तीन तारांबरोबर चौथी, न्यूट्रलचीसुद्धा तुटेल. आणि आजच्या भारापेक्षा थोडा मोठा. काका उद्या दुकानात एसी लावतीलच."

"लावणारच आहे," श्यामसुंदर म्हणाले. "तर मग ऑटोमॅटिकच लावून टाका. झंझट ही खत्म. महाग पडेल, पण बाबारावचा पगार वाचेल ना."

बाबाराव तेव्हा खाली अंगणात होते.

"असं नाही चालणार," नंदा म्हणाल्या. "त्या माणसाने आजवर एक चूक केली नाही. आपण यंत्र घ्यायचं आणि त्याला घरी पाठवायचं? या वयात त्याला दुसरं काम कोण देणार आहे?"

डॉक्टर लगेच म्हणाले, "चूक माझी होती. रोजी त्याची जाऊ नये. मूठवालाच घ्या."

नंदा मग बरंच बोलल्या. गरीब माणूस आहे, बायको लोकांच्या साड्यांना फॉल लावून देते, आपण एवढं तरी करायला हवं. श्यामसुंदरांनी मान डोलावली. हाताने फिरवायचा चेंजओव्हर ठरला. जिना उतरताना नंदांना फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ही बातमी आपणच द्यावी म्हणून त्या ऑटोने रांझीला, बाबारावांच्या घरी गेल्या. बाबाराव पंख्याखाली बसले होते, पंखा बंद होता. त्यांची बायको भानुमती दारात बसून गहू निवडत होती.

नंदांनी सगळं सांगितलं. श्यामसुंदर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि शेवटी काय ठरलं तेही. "तुमची नोकरी कुठे जात नाही, बाबारावजी. मूठ फिरवायला तुम्हीच."

"बरं झालं जी," बाबाराव म्हणाले. "लई उपकार झाले." आणि ते आपल्या पायांकडे बघत राहिले.

चहा झाला. नंदा निघाल्या तशी भानुमती त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आली. खमरियाकडे जाणारी एक बस धूळ उडवत गेली. ती गेल्यावर भानुमतीने विचारलं.

"ताई, राग नका मानू. एक बोलू का?"

"बोला ना."

"तुम्ही चांगलंच केलं. पण यांना कोणी विचारलं नाही."

नंदांना नीट कळलं नाही. "काय विचारायचं होतं?"

"यांचे थोरले भाऊ मोर्शीले पडले, कंबर मोडली. अंथरुणावर आहेत. हे अजून गेले नाहीत. मी म्हणते, काहून जात नाही, जाऊन या. तर म्हणतात, लाईट गेली तर? घरी जेवत असले तरी चित्त तिकडे. सणवाराले कुठं जाणं नाही. नर्मदा इथं हाकेवर, तिथं आंघोळीले जाऊन किती वर्षं झाली. डावा कान तर त्या मशीनपायीच गेला. मी बोलून राहते, अन् यांले ऐकूच येत नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या लाईनमनचं झालं तेव्हापासून धड झोपत नाहीत. म्हणतात, डॉक्टरसाहेबांच्या हातून झालं, माझ्या हातूनही झालं असतं. घाईत कितीकदा विसरता विसरता राहिलो."

"आता नवीन मुठीने तसं होणारच नाही, भानुमतीबाई."

"ते खरं. पण मुठीपाशी हेच पाहिजेत ना?"

ऑटोवाला हॉर्न देत थांबला होता. नंदांनी त्याला जायला सांगितलं आणि त्या पुन्हा घरात गेल्या. बाबाराव तिथेच तसेच बसले होते. त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून नंदा बसल्या.

"बाबारावजी, खरं सांगा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? काय लावावं?"

बाबारावांनी बायकोकडे बघितलं. ती परत गहू निवडायला लागली होती.

"नोकरी तर पाहिजे जी," ते सावकाश म्हणाले. "नाही पाहिजे असं कोण्या तोंडानं म्हणू? पण लाईट कधी जाईल हे देवालेही ठाऊक नाही, अन् मी मात्र त्या वेळी तिथंच पाहिजे. दिवसभर काम काही नसते. नुसती वाट पाहायची. तेच लई थकवते."

"मग मघाशी काहून नाही बोललात?" भानुमतीचा शब्द नंदांच्या तोंडी कसा आला, त्यांनाच कळलं नाही.

"तुम्ही खुशखबर घेऊन आल्या. खुशखबर घेऊन येणाऱ्याले नाही कसं म्हणावं?"

परत येताना ऑटोमध्ये नंदांना बैठकीतलं आपलंच बोलणं आठवत होतं. गरीब माणूस आहे, असं त्या तीनदा तरी म्हणाल्या असतील. बाबाराव तेव्हा दोन जिने खाली होते. हाक मारली असती तर आले असते.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी शैलेंद्रला फोन लावला. "ऑटोमॅटिकला माणूस लागतच नाही का रे?"

"कोण म्हणतं? डिझेल भरायचं, तेल बघायचं, बॅटरीत पाणी घालायचं, आठवड्यातून एकदा चालवून बघायचा. बॅटरी उतरलेली असली तर पॅनेल कितीही हुशार असो, जनरेटर सुरू व्हायचा नाही. लोक पॅनेल लावतात आणि विसरून जातात, मग माझ्या नावाने ओरडतात. माणूस लागतोच. फक्त लाईट जाते त्या क्षणाला तो तिथे लागत नाही."

"हे तू काल काहून नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस का, ताई?"

पुन्हा बैठक बोलावली तेव्हा श्यामसुंदर वैतागले. "परसों तर तुम्हीच मूठ मूठ करून राहिल्या होत्या. आता काय झालं?"

"परवा मी बाबारावांच्या वतीने बोलले, त्यांना न विचारता," नंदा म्हणाल्या. "आज ते स्वतः आले आहेत."

बाबाराव दाराशी उभे होते. डॉक्टरांनी त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मग एकदाचं बोलले. ऑटोमॅटिक लावा. मशीनची देखभाल मी करतो. आठवड्यात एक दिवस सुट्टी पाहिजे. अन् भावाकडे जायला आठ-दहा दिवस पाहिजेत.

"म्हणजे पॅनेलचा खर्चही करायचा आणि पगारही द्यायचा," श्यामसुंदर म्हणाले. त्यांचं बोलणं अगदी गैरही नव्हतं. दुकानात त्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक तसं कमीच होतं. "मग बाकी वेळ हे काय करणार?"

यावर थोडी खडाखडी झाली. डॉक्टर म्हणाले, पॅनेलच्या खर्चात मी जास्त वाटा उचलतो. श्यामसुंदर म्हणाले, असं कसं, मग उद्या लोक म्हणतील श्यामसुंदरने डॉक्टरकडून वसूल केलं. शेवटी असं ठरलं की पाण्याचा पंप, टाकी आणि जिन्यातले दिवेही बाबाराव बघतील. झाडझूड त्यांच्याकडे द्यायचा विषय श्यामसुंदरांनी काढला. बाबाराव म्हणाले, "ते नाही होणार जी. गुडघे नाही म्हणतात." इतकं सरळ ते पहिल्यांदाच बोलले असतील. श्यामसुंदर म्हणाले, "अच्छा, चलो, रहने दो."

पगार वाढला नाही. काम थोडं वाढलं. सुट्टी मात्र पक्की झाली.

पॅनेल आलं, बसलं. मंडळाचे इंजिनिअर तपासायला आले तेव्हा त्यांच्यासोबत तोच लाईनमनही होता. त्याच्या हातांवरची कातडी अजून गुलाबी होती. शैलेंद्रने बाहेरून येणारी लाईन तोडली. थोडा वेळ काही झालं नाही. श्यामसुंदरांनी घड्याळाकडे बघितलं. मग जनरेटर आपला आपण खोकला, सुरू झाला, आणि पॅनेलमध्ये खट्ट आवाज होऊन जिन्यातला दिवा लागला. इंजिनिअर कागद काढायला लागले, पण लाईनमन म्हणाला, "रुकिए साहब." तो खांबाकडून येणाऱ्या तारांपाशी गेला आणि त्याने स्वतः टेस्टर लावून बघितला. एकेका तारेला लावला. टेस्टरचा दिवा कुठेच लागला नाही. "ठीक है," एवढंच म्हणून तो बाजूला झाला. डॉक्टरांनी त्याला चहाला वर बोलावलं. तो गेला, आणि दोघं बराच वेळ बसले.

जुलैत पावसाची उघडीप मिळाली तेव्हा बाबाराव आणि भानुमती मोर्शीला गेले. त्याच आठवड्यात, एका दुपारी, क्लासमधला फोन वाजला. पलीकडे एसटीडी बूथमधली गडबड ऐकू येत होती.

"नंदाताई, बाबाराव बोलतो. लाईट गेली होती का जी?"

"रोज जाते आहे."

"मंग?"

"मग काही नाही. येते आपोआप."

"पॅनेलनं काही तरास दिला?"

"नाही दिला. भाऊ कसे आहेत?"

"उठून बसून राहिले आता. मी हात धरला तर दारापर्यंत येतात. दिवसभर गोष्टी करतात. मले अर्ध्याच ऐकू येतात, पण त्यांले सांगत नाही."

नंदा हसल्या. पलीकडे भानुमती काहीतरी म्हणाल्याचं अस्पष्ट ऐकू आलं.

"ताई," बाबाराव म्हणाले, "अजून चार दिवस राहिलो तर चालन का?"

"राहा," नंदा म्हणाल्या. "डिझेल शैलेंद्र बघेल."