खुर्चीत बसलेल्या अक्का

बायकांचे केस कापण्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिकवण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. शिकणारीने कात्री उचलली की अक्कांचे हात शिवशिवायला लागत आणि "दे इकडे!" म्हणत त्या कात्री कधी हिसकावून घेत, हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. कितीतरी मुली आल्या आणि कंटाळून गेल्या. आता धाकटी सून शिकत होती. तिचा हात खरंच चांगला होता. पण हे तोंडावर म्हणतील तर त्या अक्का कसल्या!

मग ते कुरळ्या केसांचं प्रकरण झालं. गिऱ्हाईक म्हणालं, खांद्यापर्यंत. सुनेने केस धुतले, ओले असतानाच विंचरून सरळ केले आणि बरोब्बर खांद्याशी कापले. वाळल्यावर ते आखडून पार कानाशी गेले. कुरळे केस ओले कापताना चांगली चार बोटं सूट ठेवावी लागते, हे सांगायचं अक्कांकडूनच राहून गेलं होतं. तरी भर दुकानात त्यांनी "दे इकडे!" केलंच.

तेव्हापासून सून डोकी धुवायची, टॉवेलांच्या घड्या घालायची. कात्रीला हात म्हणून लावत नव्हती. एका संध्याकाळी शटर ओढताना म्हणाली, "आई, मी औषधांच्या दुकानात काउंटरवर नोकरी बघितलीय. हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्या रात्री अक्कांना जेवण गेलं नाही. पोरगी गुणी, आणि आपल्या हाताने आपण तिला घालवतोय, हे त्यांना फार लागलं.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी स्वतःचं डोकं धुतलं, वर्षानुवर्षं अंबाड्यात कोंबलेले कुरळे केस मोकळे सोडले आणि खुर्चीत बसल्या.

"खांद्यापर्यंत काप. ओले आहेत, चार बोटं सूट ठेव. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी होती."

सून बघतच राहिली. "आई, बिघडले तर?"

"बिघडू देत. सासूचं डोकं असं आयतं हातात सगळ्यांना मिळत नाही. घे कात्री."

सुनेला हसू आलं. तिने कापायला घेतलं. अक्कांनी गळ्याभोवतीच्या कापडाखाली हात गच्च धरून ठेवले आणि डोळे मिटले. मधेच एकदा कात्री थबकली. अक्कांच्या जिभेवर सूचना आली, ती त्यांनी गिळली.

केस वाळवून होतात न होतात तोच नेहमीच्या शिक्षिकाबाई आल्या. अक्कांखेरीज कुणाला डोक्याला हात लावू देत नसत. अक्कांना बघून थबकल्या.

"अय्या, छान दिसतंय हो! कुणी कापले?"

"हिने. तुमचेही हीच कापेल. बसा."

"तुम्ही नाही?"

"मला केर काढायचाय."

अक्कांनी खरंच झाडू घेतला आणि जमिनीवरचे आपलेच केस गोळा करायला लागल्या. मागे कात्री सुरू झाली, थांबली. वळून बघायचा मोह काही आवरेना, तेव्हा त्या सरळ बाहेर गेल्या आणि पायरी झाडायला लागल्या.

आतून सुनेचा आवाज आला, "बाई, मान जरा खाली घ्या. हां, अशीच." आवाज अगदी मोकळा होता.

पायरी केव्हाच स्वच्छ झाली होती. अक्कांनी ती पुन्हा झाडायला घेतली.