ट्यूबवेलच्या मोटरीचं अनुदान

जसमेल कौरच्या कडेवरचं बाळ माझ्या उल्काएवढं, आठ महिन्यांचं. म्हणूनच असेल, खिडकीपुढच्या रांगेत मला आधी तीच दिसायची.

सेक्टर ३४ मधल्या आमच्या ऑफिसातून शेतकऱ्यांना ट्यूबवेलच्या मोटरीसाठी सरकारी अनुदान मिळत असे. एअरफोर्सने माझ्या नवऱ्याची, नरेशची बदली चंदीगडला केली आणि मला ही सहा महिन्यांची हंगामी नोकरी लागली. उल्का दिवसभर शेजारच्या सुहासिनीकाकूंकडे. साल एक्याण्णव, पंजाबात अतिरेक्यांची भीती आणि पोलिसांचीही. रोज संध्याकाळी घरी पोचलो की बरं वाटायचं, असे दिवस.

जसमेलचा चेक नवऱ्याच्या, मुख्त्यार सिंगच्या नावे होता. सही त्यानेच येऊन करायची. ती कधी म्हणे तो आजारी आहे, कधी म्हणे बहिणीकडे गेलाय. तिसऱ्या खेपेला आमचे सुपरिंटेंडेंट बन्सलजी वैतागले. "बीबी, एक तर माणूस आण, नाहीतर तो वारल्याचा दाखला आण."

ती व्हरांड्यातल्या बाकावर बाळाला पाजत बसली. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. थंडीत साध्या कपड्यातली चार माणसं त्याला शेतातून जीपमध्ये घालून घेऊन गेली. पोलीस की दुसरे कोणी, कळलं नाही. ठाण्यावर म्हणाले, आम्ही नेलाच नाही. आता भात लावायचे दिवस आले होते, आणि मोटरीशिवाय शेत कोरडं.

तिच्या बाळाला पिताना बघून मलाही पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला. मी फारसा विचार केला नाही. तिथेच इंग्रजीत अर्ज लिहिला: पती वारले आहेत, चेक माझ्या नावे द्यावा. सरपंचाचा दाखला जोड, काम पक्कं, म्हटलं.

नवऱ्याच्या नावाआधीच्या छोट्या शब्दावर तिने बोट ठेवलं. "हे काय?"

"लेट. म्हणजे आता नाहीत, असं. नुसतं कागदावर, जी."

"नुसतं कागदावर," ती म्हणाली, आणि अंगठा उठवला.

महिन्याभरात चेक निघाला. त्या दिवशी घरी येऊन मी उल्काला उचलून गरागरा फिरवलं.

जुलैअखेर जसमेल परत आली. चिडलेली नव्हती. तिच्या भावाने कोर्टात केस घातली होती, पोलिसांनी मुख्त्यारला हजर करावं म्हणून. हे तिने मला सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत कोण कोणाला सांगत होतं. सरकारी वकिलाने आमच्याकडून तो अर्ज मागवून घेतला. बायकोच म्हणते नवरा मेला, मग शोधायचं कोणाला? कोर्टाने केस निकालात काढली.

मी कोर्टात येते, अर्ज मी लिहिला असं सांगते, म्हणत मी उठलेच. मागून बन्सलजींचा आवाज आला, अगदी मऊ. "मॅडम, आपकी छोटी बच्ची है."

मी खाली बसले.

जसमेलने ते पाहिलं. माझ्यावरची नजर काढून तिने बाळाचं झबलं नीट केलं. मग म्हणाली, "तसाच दुसरा लिही. तो जिवंत आहे, असा."

लिहिला. कोणाला उद्देशून, ती ओळ तेवढी कोरी राहिली. तिने अंगठा उठवला, शाई ओढणीला पुसली आणि विचारलं, हा कुठल्या खिडकीवर द्यायचा.